अंगठा कर्तव्यावर असताना

सरकारी कार्यालयात वरून काहीही पडलं तरी ते आधी अभिलेख असतं, वजन नंतर. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर जो गठ्ठा पडला तो तांबड्या फडक्यात बांधलेला होता, सुतळीच्या दोन गाठी मारलेल्या होत्या आणि चिठ्ठीवर 'नस्तीबद्ध' लिहिलं होतं. नस्तीबद्ध म्हणजे या विषयात आता कधीही काहीही घडणार नाही, अशी शासनाने दिलेली हमी. त्या हमीवर विसंबून मी खालचा गठ्ठा ओढला.

मी ओरडलो तशी माणसं धावत आली. आमचे बडे भाऊसाहेब सगळ्यांत आधी पोचले आणि गठ्ठ्याकडे वाकून म्हणाले, "हा कोणाच्या चार्जात आहे?"

कोणी बोलेना. चार्जात आहे म्हणावं तर उचलावा लागेल, नाही म्हणावं तर आजवर कोणाच्या चार्जात होता हे निघेल. कोणी तरी म्हणालं, "हलवू नका, पंचनामा व्हायचा असेल." शेवटी शिपाईमामा पुढे आले. "भाऊसाहेब, काढू का? का पायासकट राहू देऊ?"

कार्यालय कुठलं, खातं कोणतं, ते विचारू नका. मला अजून नोकरी करायची आहे. राहायला सोनगीरला आहे, एवढं पुरे. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे वीसेक किलोमीटर. वर किल्ला, खाली तांबटांची घरं आणि दिवसभर तांब्या-पितळेच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके. आमच्या गावात हाताला, बोटाला लागणं ही बातमी होत नाही. पण सरकारी माणसाला कामावर लागलं, ही झाली. प्लास्टर घालून ओट्यावर बसलो तर लोक तालुक्याच्या बाजाराला निघाल्यासारखे बघायला यायला लागले.

"पंखा पडला का?"

"नाही, गठ्ठा."

"मग झोपेत पडला असशील."

"काम करताना, काका. काम करताना पडला."

यावर काका आदराने गप्प बसायचे. आजाऱ्याला खोडून काढू नये, एवढी रीत खानदेशात अजून शिल्लक आहे. माझ्या सासूबाईंनी मात्र फोनवर सरळ विचारलं, "जावईबापू, तुम्ही तर ऑफिसात होते ना? मग लागलं कसं?"

शेजारच्या तांबट आप्पांनी प्लास्टरवर नख वाजवून बघितलं. आप्पांचा धंदाच तो, भांडं कुठे पोचलंय ते आवाजावरून सांगतात. मी त्यांना म्हणालो, आता अपघाताचा अहवाल, रजेचा अर्ज, दवाखान्याचं बिल असं सगळं करावं लागेल. आप्पा म्हणाले, "मन्हा अंगठावर कितला वरीसपाईन हातोडी पडस. मी हयद लावस आनी पुढला ठोका मारस. तुले कागद कसाले लागतस?"

कसाले लागतस, ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आस्थापना शाखेत गेल्यावर कळलं.

तिथले भाऊसाहेब नियमाला पक्के. १९८१ चे रजा नियम त्यांना हनुमान चालिशीसारखे पाठ. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलंच नाही, अर्जाकडे पाहिलं.

"इजा हेतुपुरस्सर झाली की अपघाताने?"

"गठ्ठा पडला, भाऊसाहेब."

"ते कळलं. पण विशेष विकलांगता रजेला दोन वाटा आहेत. तुम्ही सरकारी काम करता म्हणून कोणी मुद्दाम इजा केली तर एक, चुकून झाली तर दुसरी. अर्ज भलत्या वाटेने गेला तर परत येईल."

"गठ्ठ्याच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू?"

"खुलासा जोडा."

मी खुलासा लिहिला. 'सदर गठ्ठ्याशी माझे कोणतेही पूर्ववैमनस्य नाही.' हे वाक्य भाऊसाहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते टिपणीत घेतलं.

नियम तसा उदार आहे, हे सांगितलं पाहिजे. ही रजा जास्तीत जास्त २४ महिने मिळू शकते. अट एवढीच की इजेचा परिणाम घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दिसायला हवा. माझा अंगठा त्या दिवशीचा चहा यायच्या आतच भरताच्या वांग्याएवढा झाला होता, तेव्हा त्या बाजूने अडचण नव्हती. अडचण निघाली साक्षीदारांची.

घटना पाहणारा एक तरी सहकारी हवा. पाहिलेली माणसं होती भरपूर. पण त्या दिवशीची हालचाल नोंदवही काढली तर एक जण शासकीय कामासाठी तालुक्याला गेलेला, दुसरा बँकेत, तिसरा वरिष्ठ कार्यालयात टपाल द्यायला. तिघंही माझ्या अंगठ्याच्या दोन हातांवर उभे राहून हळहळले होते. पण कागदावर ते तिथे नव्हतेच. साक्ष द्यावी तर नोंदवही खोटी, नोंदवही खरी धरावी तर माझा पाय खोटा. एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्यासाठी जीव देईन, पण सही मागू नको." कागदोपत्री त्या वेळी कार्यालयात मी आणि गठ्ठा असे दोघेच हजर होतो, आणि गठ्ठ्याला सही येत नव्हती. शेवटी शिपाईमामांनी सही दिली. ते पाणी भरत होते आणि पाणी भरण्याची नोंद ठेवायची पद्धत सुदैवाने अजून निघालेली नाही.

दवाखान्याच्या खर्चाचं वेगळंच शास्त्र आहे. खासगी दवाखान्यात गेलात तर दुखणं आकस्मिक असायला हवं, आणि आकस्मिक काय ते शासनाने ठरवलेलं आहे. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार दिलेले आहेत. ही यादी मी इतक्या वेळा वाचली आहे की रामरक्षेच्या मध्येच ती सुरू होते. धनुर्वात आहे, घटसर्प आहे, उष्माघात आहे (मे महिन्यात आमच्याकडे तो आकस्मिक कसा, हे कोडं आहे), कान-नाक-घशात अडकलेली बाहेरची वस्तू आहे. आणि अपघात आहे! अपघात दिसला तेव्हा मी प्लास्टरसकट उडी मारायच्या बेतात होतो. पण थोडं खाली आणखी एक नोंद आहे, 'मनोविकृतीची सुरुवात'. बिल कुठल्या नोंदीखाली टाकावं असा प्रश्न मला पुढे पुढे खरोखरच पडायला लागला. अपघाताखाली दाखल झालेला माणूस त्रुटींची पूर्तता करता करता आपोआप त्या दुसऱ्या नोंदीत बसतो. ज्याने यादी केली त्याने बहुधा आधी स्वतः एक बिल सादर केलं असावं.

त्रुटी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बिल नाकारत नाहीत. नाकारलं तर माणूस मोकळा होतो. बिल 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा लिहिलं होतं, औषधांच्या प्रत्येक पावतीवर डॉक्टरांची सही नाही. डॉक्टरांनी सगळ्या पावत्यांवर सह्या केल्या. मग आलं, सहीखाली शिक्का नाही. शिक्का मारला. मग आलं, शिक्का सहीवर आल्याने सही वाचता येत नाही. डॉक्टर भले गृहस्थ होते, पण पुढे पुढे मला लांबून येताना पाहिलं की ते मागच्या दाराने तातडीच्या पेशंटकडे जायचे. डिस्चार्ज कार्ड मूळ हवं, अत्यावश्यकता प्रमाणपत्र ठराविक नमुन्यातच हवं, सगळं तीन प्रतींत हवं. एकदा मी प्लास्टर कापून काढल्यावर ते पिशवीत घालून नेलं आणि टेबलावर ठेवलं, म्हटलं, ही मूळ प्रत. लेखा शाखेतल्या ताईंनी शांतपणे विचारलं, "साक्षांकित केली का?"

अशा वेळी सल्ला देणारे भेटतात. एक सहकारी म्हणाला, "आपला विमा आहे ना! राज्य कर्मचाऱ्यांचा समूह अपघात विमा. २०१६ ला सुरू झाला तेव्हा ३०० रुपये आणि वर कर कापून १० लाखांचं संरक्षण होतं." मी आशेने कागद वाचले. त्यासाठी माणूस मेलेला तरी असावा लागतो किंवा कायमचा अधू तरी. बऱ्या होऊ घातलेल्या अंगठ्याला तिथे थारा नाही. "बघ बाबा," सहकारी म्हणाला, "तू लवकर बरा होतोस, हीच अडचण आहे."

मग आमच्या एका वकील मित्राने १९२३ चा भरपाई कायदा आणून दिला. आधी कामगारांचा होता, २००९ च्या दुरुस्तीने तो कर्मचाऱ्यांचा झाला, आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला पोटात घेतलं आहे. पण वाचावा तो जुनाच. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या अवयवांचं दरपत्रक आहे. हाताचा अंगठा मुळापासून गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. तर्जनी १४. मधलं बोट १२. करंगळी ७. आणि पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४! म्हणजे जिने आयुष्यभर दुसऱ्यांकडे रोखून दाखवलं ती तर्जनी आणि जो आयुष्यभर चपलेत राहिला तो अंगठा, कायद्यापुढे सारखेच. मला अंगठ्याबद्दल एकदम आदर वाटला.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही हिशेबाला बसलो. २०२० पासून या हिशेबात महिन्याची मजुरी १५,००० च्या वर धरत नाहीत. तिचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला वयाचा गुणक. माझ्या पन्नाशीला तो १५३.०९. झाले १३,७७,८१०. त्याचे १४ टक्के, १ लाख ९२ हजार ८९३ रुपये. बायकोने पदराला हात पुसले आणि माझ्या पायाकडे असं बघितलं की मी तो सतरंजीखाली घेतला.

"आणि शेजारचं बोट?" तिने विचारलं.

"ते तीन टक्के."

"मग राहू द्या."

पण ते सगळं अंगठा मुळापासून गेला तर. हाडाचा थोडा तुकडा गेला तर पायाच्या अंगठ्यालाही तीनच टक्के. माझं हाड जागेवर होतं. त्याला नुसती चीर गेली होती आणि नख गेलं होतं. नखाला दर नाही. बायको पातेली घासायला निघून गेली.

त्यात वकील मित्राने आणखी एक मौज सांगितली. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणत्या कामातली माणसं भरपाईला पात्र, याची यादी आहे, आणि त्यात जागोजागी 'कारकुनी काम सोडून' असे शब्द होते. २००९ च्या दुरुस्तीने ते काढले. म्हणजे १९२३ पासून शहाऐंशी वर्षं कायद्याची अशी समजूत होती की खाणीत, कारखान्यात, जहाजावर कोणालाही काही होऊ शकतं, पण कारकुनाला काय होणार? त्याच्यावर काय पडणार? माझ्या सासूबाईंची आणि कायद्याची समजूत तंतोतंत एकच होती. तरी मित्राने बजावलं, शब्द काढले म्हणून तू यादीत आलास असं नाही, तुझं काम मुळात तिथे बसतं का, हा वेगळा खटला. मी पुस्तक परत दिलं.

मला विचाराल तर या विषयातली सगळ्यांत सुटसुटीत व्यवस्था समुद्री चाच्यांची होती. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात त्यांच्यासोबत राहिलेल्या एक्सक्वेमेलिन नावाच्या माणसाने १६७८ साली छापलेल्या पुस्तकात त्यांचे दर दिले आहेत. उजवा हात गेला तर ६०० चांदीची नाणी, डावा ५००, उजवा पाय ५००, डावा ४००, डोळ्याला १००, बोटाला १००. आणि हे पैसे लुटीची वाटणी व्हायच्या आधी बाजूला काढायचे. साक्षीदार नकोत, तीन प्रती नकोत. जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला १८८४ साली, म्हणजे चाच्यांच्या दोनशे वर्षं मागून. अर्थात चाच्यांना एक सोय होती. लेखापरीक्षण नव्हतं.

या सगळ्या शास्त्राचा गाभा मात्र एकाच प्रश्नात आहे. इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का? आता काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं? मुंबईत १९५७ साली बेस्टचा एक ड्रायव्हर पाळी संपवून जोगेश्वरीच्या डेपोतून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. तो तेव्हा कामावर होता का, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरवलं. होता. इकडे मराठवाड्यात २००३ च्या एप्रिलमध्ये साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना गेला. आयुक्तांनी घरच्यांना ३ लाख २६ हजार १४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा दिले. बावीस वर्षं. इथे मला विनोद सुचत नाही, तेव्हा आपण माझ्या अंगठ्याकडे परत येऊ. त्याची ऐपत तेवढीच आहे.

माझ्या बाबतीत सगळं साहेबांच्या एका दाखल्यावर अडलं होतं. मजकूर मी तयारच करून नेला होता. 'सदर कर्मचारी घटनेच्या वेळी कार्यालयीन काम करीत होते.'

साहेबांनी चष्मा काढला. "'करीत होते' असं एकदम कसं लिहायचं?"

"करतच होतो, साहेब."

"तुमच्यावर अविश्वास नाही. पण हे लेखी जातंय. उद्या प्रत्येक जण येईल, म्हणेल मीही काम करत होतो. पायंडा पडेल." मग पेन फिरवत म्हणाले, "'करीत असावेत' चालेल?"

"नाही चालणार, साहेब, त्रुटी निघेल."

त्यांनी खणातून माझ्याकडच्या प्रलंबित प्रकरणांची यादी काढली. ती बरीच लांब होती, टेबलावरून खाली आली. "तुम्ही काम करत होता, असं मी लिहिलं, आणि वरून विचारलं की मग ही प्रलंबित कशी, तर काय सांगू?"

मी सुचवलं, "सांगा, करत होतो तेवढ्यात गठ्ठा पडला."

साहेब हसले. सरकारी दाखला हसताना सही होतो, हे जाणकारांना ठाऊक आहे. मी कागद पुढे सरकवला.

आदेश आला तेव्हा त्यात 'डाव्या पायाचा अंगठा' छापलेलं होतं. शुद्धिपत्रकासाठी अर्ज केला. ते येईपर्यंत आस्थापनावाल्या भाऊसाहेबांनी मला मायेने सांगितलं, "कार्यालयात असाल तेवढा वेळ डाव्या पायाने लंगडत जा. कोणी तक्रार करायला नको." मी लंगडलो. बाहेर पडलो की पाय बदलायचो. एसटीच्या कंडक्टरने एकदा विचारलंही, "भाऊ, सकाळी दुसरा होता ना?"

बिलातून खुर्चीभाडं म्हणून लावलेली व्हीलचेअर उडाली, प्रथिनांची पावडर उडाली, उरलेलं मंजूर झालं आणि तरतूद नसल्याने पुढच्या आर्थिक वर्षावर गेलं. पण तोवर माझं नाव पंचक्रोशीत झालं होतं. कोणी सरकारी माणूस कुठे धडपडला की आधी माझ्याकडे येतो, मग हाडाच्या डॉक्टरकडे. मीही आता फी न घेता सल्ला देतो. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून शनिवारी पडू नये. पडायचं तर पावणेदहा ते सव्वासहाच्या आत पडावं, जेवणाची सुट्टी टाळून. निवडणुकीच्या कामावर असताना पडला तर उत्तम, आयोगाची सानुग्रह मदत वेगळी असते, पण तिलाही नुसती मुरगळ चालत नाही. परवा एक गुरुजी मतदार यादीचं काम करताना ओट्यावरून पडले. पहिला फोन मला. "भाऊसाहेब, अजून उठलेलो नाही. उठू का?"

शुद्धिपत्रकासह आलेला आदेश मी लॅमिनेट करून घेतला. त्यात स्वच्छ शब्दांत आहे, 'सदर कर्मचारी घटनेच्या दिवशी कार्यालयीन काम करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' शासनाच्या सहीशिक्क्यानिशी. असा कागद फार थोड्यांच्या नशिबी येतो. मी तो घेऊन आप्पांकडे गेलो. ते घागर मठारत होते. हातोडी खाली ठेवून, हात धोतराला पुसून त्यांनी कागद लांब धरून अक्षर अक्षर वाचला. उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"चांगलं शे," आप्पा म्हणाले. "हाई त्या दिननं व्हयनं. बाकीना दिननं काय?"